टूल आधी बनवू की माणसं आधी बघू?

प्रश्न: मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय ह्यूमन सेंटर्ड एआय (म्हणजे माणसाला केंद्रस्थानी ठेवून बनवलेला एआय) आणि डेटा सायन्सची टूल्स. लॅबमधले बाकीचे मॉडेलची ॲक्युरसी वाढवतायत आणि गाईड मला म्हणतात आधी लोक काम कसं करतात ते बघ. नुसतं बघत बसणं हा रिसर्च कसा? मला एआय असिस्टंट बनवायचाय, सुरुवात करू का?

उत्तर: एवढ्यात नको, गाईडचं ऐका. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोड आणि त्याचे रिझल्ट एकाच पानावर दाखवणारं टूल, तुम्ही वापरत असालच, त्यात सेल (कोडचे तुकडे) वरून खाली दिसतात पण माणूस मधलाच चालवतो, मग वरचा बदलतो, एखादा डिलीट करतो आणि त्यातलं व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली किंमत) मात्र मेमरीत तसंच राहतं, म्हणजे आजचा आकडा उद्या येईलच असं नाही. २०१९ च्या एका अभ्यासात गिटहब या कोड शेअर करायच्या साइटवरची १४ लाखांच्या आसपास नोटबुक्स घेतली होती, त्यातली चालवून बघण्याजोगी होती त्यांपैकी साधारण २४ टक्केच एररशिवाय चालली आणि तेच रिझल्ट आले जेमतेम ४ टक्क्यांत. या लोकांना कोडिंग येत नव्हतं असं अजिबात नाही हो, माणूस चाचपडतच विचार करतो आणि पान मात्र सरळ लिहिल्यासारखं दिसतं.

आता यात असिस्टंट आणा. डेटा साफ कर म्हटलं की तो कोडची एक ओळ देतो, ती चालवली की रिकाम्या जागा असलेल्या डेटाच्या सगळ्या रो (आडव्या ओळी) उडतात, एरर नाही, चार्ट छान. पण उत्पन्नाचा रकाना रिकामा सोडणारे बहुतेक एकाच गटातले असतील तर तो गटच जवळपास गायब झाला ना! मॉडेलच्या ॲक्युरसीत हे दिसत नाही, वापरणाऱ्याच्या शेजारी बसलात तर दिसतं की त्याने कोड न वाचताच रन दाबलं.

म्हणून एथिक्स कमिटीची परवानगी काढा आणि मोजक्या लोकांसोबत बसा, त्यांच्याच डेटावर, त्यांचंच खरं काम चालू असताना, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगून. नंतर विचारलंत तर सगळे सुरळीतच झालं म्हणतात. मग असिस्टंटचा छोटा प्रोटोटाइप (कच्चा नमुना) करा, समजा रो उडवायच्या आधी किती आणि कुणाच्या जातायत एवढंच दाखवणारा. आणि तपासताना आवडलं का एवढ्यावर थांबू नका, असिस्टंटचे काही सल्ले मुद्दाम चुकीचे ठेवा, किती जण पकडतात ते मोजा, आणि सेशन संपल्यावर त्यांना ते नक्की सांगा.