पंख्याचा कंडेन्सर, पुस्तकातलं धारित्र

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय : 'मुलगा आयटीआयला आहे. घरात आम्ही पंख्याचा कंडेन्सर म्हणतो, त्याच्या पुस्तकात कपॅसिटर आहे, शाळेत धारित्र शिकला आणि वर्गातला कन्नड मित्र धारक म्हणतो. वस्तू एक की चार?'

एकच, दादा. धातूचे दोन पातळ पापुद्रे आणि मधे वीज न वाहू देणारा थर. पापुद्र्यांवर विद्युतभार साठतो, एवढंच तिचं काम.

यातला सगळ्यात जुना 'कंडेन्सर'. इटलीच्या व्होल्टाने १७८२ साली आपल्या उपकरणाला हे नाव दिलं. त्या काळी वीज म्हणजे न दिसणारा द्रव अशी समजूत होती, आणि तो या उपकरणात दाट होऊन बसतो, म्हणून 'दाट करणारा'. पुढे विसाव्या शतकात इंग्रजीने 'कपॅसिटर' धरला. आपल्या मिस्त्रींनी मात्र जुना शब्द सोडला नाही. जुन्या स्कूटरला पॉइंटच्या जोडीला असायचा तोही कंडेन्सरच.

मुलाचा घोटाळा होईल तो फ्रिजपाशी. फ्रिजच्या मागच्या नळ्यांनाही कंडेन्सरच म्हणतात, पण तिथे वायूचा खरोखर द्रव होतो. पुस्तकी मराठीत तो 'संघनक'. पंख्याच्या डबीत असलं काही दाटत नाही.

'धारित्र' मला आवडतो, कारण तो एकटा नाही. संस्कृतात 'इत्र' लावून साधनाचं नाव होतं : खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र (म्हणजे विळा). त्याच साच्यात मराठीने जनरेटरला जनित्र, ट्रान्सफॉर्मरला रोहित्र केलं. आता शिवारात रोहित्र कोण म्हणतं, हे वेगळं. महाराष्ट्रात 'डीपी जळाली', आपल्याकडे 'टीसी जळालाय'. पाहुणे पलीकडून आलेले असले की त्यांना आधी रेल्वेतला टीसीच आठवतो!

कन्नड 'धारक' आणि आपलं 'धारित्र' एकाच 'धृ' धातूचे. फक्त मराठीत 'धारक' म्हटलं की रेशनकार्डधारक समोर उभा राहतो, त्यामुळे इथे तो चालायचा नाही. 'संधारित्र' हिंदीतला. वाचनात आला तर ओळखावा, पण मराठी उत्तरपत्रिकेत धारित्रच लिहावं.

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा गावातल्या दुकानात मात्र सरळ कंडेन्सर मागा. जुन्यावरचा आकडा वाचून न्या : छताच्या पंख्याला बहुधा २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड (भार साठवण्याच्या क्षमतेचं माप) असतो. आणि मुलाला सांगा, बटण बंद केल्यावरही डबीत भार उरलेला असू शकतो, टोकांना लगेच बोट लावू नकोस.