चोवीस उंदीर एकाच आठवड्यात नकोत

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिल्या खेपेला औषध दिलेले उंदीर प्लस मेझच्या (भीती जोखायचा अधिकच्या चिन्हासारखा उंच मंच, दोन भुजा उघड्या, दोन भिंतींच्या) उघड्या भुजांवर जास्त वेळ रेंगाळले, म्हणजे कमी घाबरले; दुसऱ्या खेपेला फरक नाहीसा झाला. आता वय, वजन, दिवस, हाताळणारा, सगळं आणखी काटेकोरपणे एकसारखं करून तिसरी खेप घ्यायची, असा तुझा बेत दिसतो. तो सोड.

जितकं आवळशील तितकं उत्तर त्या एका आठवड्यापुरतं, त्या एका खोलीपुरतं उरेल. १९९९ साली क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक या संशोधकांनी ३ प्रयोगशाळांत उंदरांचे तेच वाण, तीच उपकरणं, तीच पद्धत ठेवून पाहिली. तरी काही चाचण्यांचे निकाल जागेगणिक बदलले, आणि त्यांत प्लस मेझही होता.

म्हणून तुकड्या कर. २४ उंदरांच्या ८-८ च्या ३ तुकड्या, मध्ये निदान आठवड्याचं अंतर. प्रत्येक तुकडीत ४ औषधाचे, ४ नियंत्रण गटाचे, म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेले. वयं ८, १०, १२ आठवडे अशी मुद्दाम वेगळी ठेव; जमलं तर हाताळणारा माणूसही तुकडीगणिक बदल. विश्लेषणात तुकडी हा घटक धर, नाहीतर तुकड्यांमधला फरक औषधाचा परिणाम झाकून टाकेल. एकही उंदीर जास्त लागत नाही, मग अडतं कुठे? मात्र औषधाचा गट एका तुकडीत आणि नियंत्रण गट दुसरीत, असं केलंस तर सगळं वाया गेलं.

शिस्त हवी ती तुकडीच्या आत. कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरव. सिरिंज दुसऱ्याने भरून सांकेतिक क्रमांक घालावेत. मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांना तेच औषध दिलंस तर नमुना ४ उंदरांचा नव्हे, १ पिंजऱ्याचा. शेपटीने उचलू नकोस, त्याने भीती वाढते. नळीत घेऊन उचल. उघड्या भुजांच्या टोकांशी आणि मध्यभागी प्रकाश लक्समीटरने मोजून लिहून ठेव. ७० टक्के अल्कोहोलने पुसल्यावर मेझ पूर्ण वाळू दे, ओला राहिला तर पुढचा उंदीर त्या वासानेच बिचकेल.

तुकड्यांच्या बाबतीत मी हट्टी आहे, आणि हट्ट सोडणार नाही. हे मला फार उशिरा पटलं. तोवर एकाच आठवड्यात उरकलेले कितीतरी निकाल मी खरे धरले होते. तुकड्या केल्याने काम लांबतं हे मान्य. पण जो फरक तीन वेगळ्या आठवड्यांत टिकत नाही, तो दुसऱ्या प्रयोगशाळेत टिकेल असं तू कशाच्या बळावर म्हणणार?

आणखी एक. दुसऱ्या खेपेला तेच उंदीर वापरलेस का? पत्रात स्पष्ट नाही. एकदा ५ मिनिटं मेझ पाहिलेला उंदीर पुढच्या वेळी उघड्या भुजा टाळतो, आणि बेंझोडायझेपिनसारखं भीती कमी करणारं औषधही मग नीट चालत नाही. तसं असेल तर दुसरी खेप बाजूला ठेव आणि नव्या उंदरांची पहिली तुकडी लाव. पिंजऱ्यांचे क्रमांक तपासून आजच कळव.