ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि आवाज गेला: मदरबोर्ड बदलण्याआधी हिरवी पट्टी पाहा

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: जुन्या डेस्कटॉपमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, त्यासाठी एसएमपीएसही (मशीनला वीज पुरवणारा डबा) मोठा घेतला, आणि मॉनिटर व्हीजीए केबलवर होता तो आता एचडीएमआयवर आला. चित्र झकास, पण टू पॉइंट वनचे (दोन छोटे आणि एक वूफर) स्पीकर मुके झाले. विंडोज ११ आहे, साउंडचा ड्रायव्हर (विंडोजकडून ते उपकरण चालवून घेणारं सॉफ्टवेअर) दोनदा काढून घातला, आणि दुकानदार म्हणतोय की साउंडची चिप उडाली, मदरबोर्ड बदला.

पैसे तूर्त खिशातच ठेवा. चिप उडते, नाही असं नाही, पण कार्ड बसवल्याच्या दिवशीच ती उडावी हा जरा जास्तच योगायोग झाला. मला तुमच्या प्रश्नातला 'व्हीजीए' हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटला. व्हीजीएच्या केबलमधून फक्त चित्र जातं. एचडीएमआयमध्ये मात्र २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून चित्र आणि आवाज एकाच केबलने जातात, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्डावर आवाजाचं वेगळं सर्किट असतं. म्हणजे कार्डाबरोबर तुमच्या मशीनला नकळत दुसरं साउंड कार्डही मिळालं. मॉनिटरला स्पीकर नसले आणि नुसतं हेडफोनचं भोक असलं, तरी तो कॉम्प्युटरला 'मला आवाज चालतो' असंच सांगतो. विंडोज त्याच्यावर विश्वास ठेवतं आणि आवाज तिकडे वळवतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्यांदा कार्ड बदललं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागून अख्खं विंडोज नव्याने टाकलं होतं. आवाज नाहीच. सकाळी मॉनिटर पुसताना मागे हेडफोनचं भोक दिसलं, सहज हेडफोन खुपसला, आणि रात्री चालू ठेवलेलं गाणं फुल्ल आवाजात कानात बसलं. तेव्हापासून कुठल्याही ड्रायव्हरला हात लावण्याआधी मी एकच गोष्ट बघतो.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी चौकट येईल तिच्यात एम एम एस वाय एस डॉट सी पी एल असं सलग, लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर मारा. आवाजाची जुनी, साधी खिडकी उघडते. 'प्लेबॅक'च्या पानावर सगळी उपकरणं दिसतात आणि प्रत्येकाशेजारी एक उभी पट्टी असते. आता एखादं गाणं लावा आणि कुठली पट्टी हिरवी होऊन नाचते ते पाहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

मॉनिटरच्या नावाशेजारची पट्टी नाचत असेल, आणि मला तरी तसंच वाटतंय, तर काम दोन मिनिटांचं आहे. त्याच यादीत 'स्पीकर्स' आणि खाली 'रिअलटेक' असं लिहिलेलं असेल, ती मदरबोर्डवरची साउंडची चिप. ते निवडून 'सेट डिफॉल्ट' दाबा. मग मॉनिटरच्या ओळीवर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा, नाहीतर मॉनिटर बंदचालू केला की कधीकधी तो परत डोकं वर काढतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुढे अपडेट केलात की हा उद्योग पुन्हा करावा लागू शकतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर टाकताना 'कस्टम' निवडून त्यातल्या 'एचडी ऑडिओ'ची खूण काढता येते. यादीत रिअलटेक दिसतच नसेल तर मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस'वर खूण करा. पुष्कळदा बिचारं तिथेच लपलेलं असतं.

एवढं करून यूट्यूब वाजतंय पण व्हीएलसी किंवा मीटिंगचं ॲप गप्प, असं झालं तर त्या ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जुनं उपकरण अडकलंय. ते तिथे जाऊन बदला.

दुसरी शक्यता अशी, की पट्टी रिअलटेकचीच नाचतेय आणि स्पीकर तरी मुके. मग विंडोजचा काही दोष नाही, गडबड वायरीत आहे. कार्ड बसवताना मागच्या सगळ्या केबल काढल्या असणार आणि टेबलाखाली वाकून, मोबाइलच्या उजेडात परत लावल्या असणार. स्पीकरची पिन हिरव्या भोकात हवी. गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. तिन्ही ३.५ मिलिमीटरची, त्यामुळे पिन कुठेही तितक्याच आनंदाने बसते. बसल्यावर 'टक' जाणवलं पाहिजे. पिनला जाड रबरी वेष्टन असेल आणि कॅबिनेटचा मागचा पत्रा आड येत असेल, तर ती अर्धीच जाते.

स्पीकरच गेलेत का, हे बघायला आमच्या लहानपणची टेपरेकॉर्डरवाल्यांची युक्ती अजून चालते. स्पीकर चालू ठेवून पिन कॉम्प्युटरमधून उपसा, आवाज मध्यावर ठेवा आणि पिनच्या टोकाला बोट लावा. 'भुर्र' असा घुमणारा आवाज आला तर ॲम्प्लिफायर जिवंत आहे. काहीच आलं नाही तर आधी स्पीकरचं पॉवरचं बटण आणि भिंतीतला प्लग तपासा.

आता डबा उघडण्याचं काम, कारण आजकालची लांब कार्डं इथे हमखास घोळ घालतात. आधी मशीन बंद करा आणि पॉवरची केबल काढा. कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन जॅकपासून एक बारीक केबल आत येते. तिच्या टोकाला 'एचडी ऑडिओ' लिहिलेला छोटा प्लग असतो आणि तो मदरबोर्डच्या खालच्या, मागच्या बाजूच्या कोपऱ्यात बसतो, म्हणजे बऱ्याचदा कार्डाच्या बरोबर खाली. कार्ड दाबून बसवताना हा प्लग एका बाजूने उचकटतो. वरून बघितलं तर लागलेला दिसतो, पण बोटाने हलवला की डुगडुगतो. असं अर्धवट लागलं की कधीकधी बोर्डाला वाटतं पुढे हेडफोन लावलाय, आणि तो मागचा आवाज बंद करून टाकतो. प्लग पूर्ण काढून सरळ दाबून बसवा. दहा पिनांच्या जागेत एक पिन नसते आणि प्लगमध्येही तेवढंच एक भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे उलटा बसण्याची भीती नाही. शेजारचं यूएसबीचं खोबणं अगदी तसंच दिसतं, पण तिथे गाळलेली पिन वेगळी असते. जोर लावावा लागतोय म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आहात.

एकाच केबलला 'एचडी ऑडिओ' आणि 'एसी ९७' असे दोन प्लग असतील तर पहिलाच लावा, दुसरा लोंबकळू दे. एसी ९७ ही १९९७ ची पद्धत. इंटेलने २००४ मध्ये एचडी ऑडिओ आणलं तेव्हापासून ती मागे पडली, पण कॅबिनेटवाले बरीच वर्षं सवयीने तो प्लग देत राहिले.

तिसरी शक्यता म्हणजे लपलेली उपकरणं दाखवूनही रिअलटेक यादीत नाही. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा आणि 'ऑनबोर्ड ऑडिओ' किंवा 'एचडी ऑडिओ कंट्रोलर' 'एनेबल्ड' आहे का पाहा. असेल तर ड्रायव्हर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या बोर्डाचा अचूक मॉडेल नंबर बघून घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' वाली सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका. आणि ड्रायव्हर टाकल्यावर 'शट डाउन' करू नका, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज आपली जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि तीच पुन्हा उचलतं, रीस्टार्टमध्ये खरोखर नव्याने सुरू होतं.

दुकानदाराचं खरं की खोटं हे पाहायचं असेल, तर पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) घालून इन्स्टॉल न करता नुसतं 'ट्राय' करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये आउटपुट ॲनालॉगवर, म्हणजे स्पीकरच्या पिनवर, ठेवा. तिथे स्पीकर वाजले तर चिप धडधाकट आहे. तिथेही नाही वाजले आणि बायोस, वायरी सगळं ठीक असेल, तर मात्र त्याचं म्हणणं मी मान्य करीन. तेव्हाही मदरबोर्ड बदलायचं कारण नाही. काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, ते खोचा आणि स्पीकर त्याला लावा.

आता फक्त एवढं सांगा, पट्टी कुणाची नाचतेय? आणि रिअलटेकखाली 'नॉट प्लग्ड इन' असं करड्या अक्षरांत येतंय का? तसं येत असेल तर सेटिंग सोडून थेट टेबलाखाली शिरा, पिन बसलेलीच नाही.