वाचकांचे प्रश्न : कार्डात उभा राहणारा नाताळचा गोठा

प्रश्न : स. न. वि. वि. माझी मुलगी सातवीत आहे. नाताळच्या शुभेच्छापत्रात, ते उघडताच गोठा उभा राहावा, अशी तिची इच्छा आहे. ए-फोर कार्डपेपर मधोमध दुमडून आम्ही ६ सेंटीमीटर उंच आणि तितकाच खोल गोठा कापला व त्याच्या दर्शनी भिंतीवर ४ सेंटीमीटरचे त्रिकोणी छप्पर चिकटवले. मात्र कार्ड मिटले की छप्पर बाहेर डोकावते. शिवाय घडीवर कागद फुटतो. काय चुकते? – एक वाचक, वसई

उत्तर : आपले कापणे चुकलेले नाही, बेरीज राहून गेली आहे. कार्ड मिटताना गोठा जागच्या जागी चपटा होत नाही, तो मोकळ्या कडेकडे सरकतो आणि मधल्या घडीपासून त्याची खोली, भिंतीची उंची व छपराची उंची या तिघींच्या बेरजेइतका पुढे येतो. आपल्या गोठ्यात ही बेरीज १६ सेंटीमीटर होते आणि दुमडलेल्या ए-फोरची बाजू जेमतेम १४.८ सेंटीमीटर असते. छपराचे टोक सुमारे १.२ सेंटीमीटर बाहेर येते ते यामुळेच. भिंत व छप्पर तसेच ठेवून खोली ३ सेंटीमीटर केल्यास बेरीज १३ होईल आणि गोठा आत सुखाने मावेल. प्रेक्षक समोरून पाहणार असल्याने खोली कमी झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

खोली आणि उंची वेगळी झाली की आखणी मात्र बदलते. कागद आधी दुमडू नये, कारण तसे केल्यास मधली घडी नेमकी गोठ्याच्या दर्शनी भिंतीवर आडवी उमटते. सपाट कागदावर मधली रेघ पेन्सिलीने हलकी आखावी आणि एकमेकींपासून ७ सेंटीमीटर अंतरावर, रेघेच्या वर ६ व खाली ३ सेंटीमीटर जातील असे दोन उभे काप द्यावेत. कापांची वरची टोके जोडणारी, खालची टोके जोडणारी आणि दोन कापांच्या मध्ये रेघेच्या ३ सेंटीमीटर वर येणारी, अशा तीन आडव्या घड्या पाडाव्यात. मधल्या रेघेवरची घडी फक्त कापांच्या बाहेर, दोन्ही बाजूंना असावी. घडीच्या जागी स्टीलची पट्टी धरून संपलेली रिफील दाबून फिरवली की कागद आज्ञाधारकपणे वळतो.

घडी फुटण्याचे कारण बहुधा कागदाच्या तंतूंची दिशा हे असावे. कागद आडवा व उभा हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या बाजूने घडी स्वच्छ पडते. २०० ते २२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कार्डपेपर पुरेसा आहे. त्याहून जाड कागदाचा मोह मुलांना होतो, पण तो घडीवर फार लवकर तडकतो.

मागची पोकळी झाकण्यासाठी बाहेरून दुसरा रंगीत कागद लावावा. येथे पुष्कळांची फसगत होते : डिंक गोठ्याच्या पट्टीच्या पाठीला लागला की गोठा कायमचा बसून राहतो. पातळ डिंकाने कागद लाटेसारखा फुगतो, म्हणून ग्लू स्टिक वापरावी आणि ती फक्त कडांना फिरवावी.

सात बाय सहाच्या भिंतीवर बाळ येशूचा सारा परिवार व त्याच्या दर्शनाला आलेले तिन्ही राजे कोंबू नयेत. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे जो गोठा मांडला, त्यात गव्हाण, गवत, बैल आणि गाढव इतकेच होते. तारा मागच्या भिंतीवर थेट चिकटवावा. तो सपाट असल्याने बेरजेत धरावा लागत नाही.

कार्ड टपालाने पाठवणार असाल, तर २२० जीएसएमच्या दोन ए-फोर कागदांचेच वजन सुमारे साडेसत्तावीस ग्रॅम भरते. साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असल्याने तिकीट लावण्यापूर्वी पाकिटासह वजन करून घ्यावे, किंवा बाहेरचा कागद साध्या पातळ रंगीत कागदाचा घ्यावा.