मंडळाच्या बॅनरसाठी पेंटरच्या हातासारखा ठळक देवनागरी फॉन्ट कोणता? त्याला बॉर्डर दिली की अक्षरांमध्ये उभ्या रेघा का दिसतात?

'यात्रा वन' घ्या. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवलाय, गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, आणि त्यातली रोमन अक्षरंही देवनागरी बोरूच्या कलाने वळतात, त्यामुळे दोन्ही लिप्या शेजारी शोभतात. आणखी गुबगुबीत हवा असेल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' आहे, पण त्याच्या अक्षरांतल्या फटी अगदी बारीक असतात. तो दोन-तीन शब्दांपुरताच, मोठ्या आकारात वापरा. पत्ता, वेळ, फोन नंबर यांना साधा 'मुक्त' बरा.

आता रेघांचं. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. बॉर्डर प्रत्येक अक्षराला वेगळी लागते, म्हणून सांधे उघडे पडतात. आधी मजकुराची प्रत जपून ठेवा, मग अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे टाइप न राहता नुसत्या आकारांमध्ये बदला, ते आकार एकसंध जोडायला कोरलड्रॉमध्ये 'वेल्ड' किंवा इलस्ट्रेटरमध्ये 'युनाइट' करा आणि मगच बॉर्डर द्या. तीही भरावाच्या (अक्षराच्या आतल्या रंगाच्या) मागे ठेवा, नाहीतर 'ष', 'क्ष' यांची पोटं बुजतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलं की शिरोरेघ तुटते. 'बोल्ड'चं बटण दाबू नका, यात्रा वनला एकच वजन, म्हणजे एकच जाडी आहे.

लांबून वाचता यायला दर 10 फुटांमागे साधारण 1 इंच उंचीचं अक्षर धरा. छापखान्यात कर्व्ह केलेलीच फाइल द्या, त्यांचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर युनिकोडमध्ये टाइप केलेली पहिली वेलांटी जागा सोडू शकते.