भर पावसात कर्नाळ्याला तिबोटी खंड्याचे फोटो काढायचे आहेत. लेन्स कोणती, तयारी काय करावी?

प्रश्नाच्या खाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: 'घरट्याची जागा कुणाला माहीत असेल तर मेसेज करा.' त्या ओळीसाठी लिहायला बसले. माहीत आहे. सांगणार नाही.

लेन्सचं आधी उरकते. जुलैत कर्नाळा अभयारण्याच्या झाडीत भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखा उजेड असतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० च्या खाली ठेवून काही मिळेल ही आशा सोडा. १००-४०० मिमीची झूम लेन्स पुरते. ट्रायपॉड चिखलात रुततो आणि पायवाट अडवतो, एका पायाचा मोनोपॉड घ्या. रेनकव्हर कुठलंही चालेल, पण गाडीत एसी लावून येऊ नका. गार पडलेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत काढली की काच धुरकटते, आणि तुम्ही ती पुसत बसता तोवर पक्षी येऊन जातो. घरी आल्यावर बॅग तशीच बंद ठेवलीत तर गणपतीपर्यंत लेन्सला बुरशी धरलीच म्हणून समजा.

आता त्या ओळीबद्दल. तिबोटी पावसाबरोबर आपल्याकडे येतो तो पिल्लं काढायला. जेमतेम १३ सेंटिमीटरचा, चिमणीपेक्षा लहान पक्षी. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो. चार-पाच अंडी, साधारण १७ दिवस उबवणं, मग २० दिवस सापसुरळ्या, बेडूक, कोळी, खेकडे आणून पिल्लांना भरवणं. हे सगळं कोसळत्या पावसात, जेव्हा शिकारही धड दिसत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते, सगळ्यांचे 'सर'. त्यांनी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका ओढ्यावर घरटं शोधलं आणि आठ-दहा जणांना घेऊन गेले. मीही होते. बघते तर बिळासमोरचे नेचे कापलेले, बॅकग्राउंड स्वच्छ यावं म्हणून. समोर एक वाळकी काटकी रोवलेली, पक्ष्याने तिच्यावरच बसावं म्हणून. हिरव्या ताडपत्रीखाली सगळे दाटीवाटीने बसलेले. पक्षी आला, चोचीत सापसुरळी. काटकीवर बसला. डोकं वर-खाली करत राहिला, आत जाईना. उडून बांबूवर गेला, परत काटकीवर आला. तो आला की एकदम सगळ्यांचे शटर धडधडायचे, आणि तो पुन्हा बांबूवर. मी मागे छत्री घेऊन घड्याळ बघत उभी. तास होत आला तसं म्हटलं, "सर, उठू या आता. पिल्लं उपाशी आहेत."

"ताई, सवय होते त्यांना. तुमच्याकडे कॅमेरा नाही ना, म्हणून हे सुचतंय."

कॅमेरा होता. बॅगेत होता.

तो फोटो पुढे एका प्रदर्शनात लागला. लोक म्हणाले, काय टायमिंग आहे! टायमिंग कसलं डोंबलाचं? त्याला आत जाऊ दिलं नाही म्हणून तो तेवढा वेळ तोंडात घास धरून बसला होता. तेव्हापासून तिबोटीचा चोचीत भक्ष्य, मागे गुळगुळीत हिरवं, सुबक काटकी असा फोटो दिसला की माझं मन उडतं.

'हद्दीबाहेर आहे, कायदा लागत नाही' हेही तेव्हा ऐकवलं गेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. आणि तो कायदा अभयारण्याच्या गेटपाशी संपत नाही. शिवाय तुडवलेली वाट आणि कापलेले नेचे घोरपडीला, मुंगसालाही दिसतात. माणसं घरी गेल्यावर बीळ तिथेच, उघडं.

मग फोटो काढायचाच नाही का? काढा ना. पाऊस जरा उघडला की पायवाटेवर, ओढ्यापासून लांब, एका जागी बसा. बारीक, टोकदार शिटी ऐकू येते आणि पाठोपाठ केशरी-जांभळं काहीतरी जमिनीलगत सुसाट जातं. बहुतेक वेळा तेवढंच. कधी एखाद्या मुळीवर टेकतो, तो फोटो तुमचा. तोवर शीळकरी कस्तुर ऐका, श्यामा बघा. १२ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, सगळं एका बिळापाशी अडलेलं नाही.

घरट्याजवळ जाणारा प्रत्येक जण वाईट, असं माझं म्हणणं नाही. रीतसर परवानगी घेऊन, महिनोन्‌महिने लांबून नोंदी करणाऱ्यांमुळेच वरचे आकडे आपल्याला कळले. आणि हो, राहिलंच: जोराचा पाऊस असेल तर कुठली वाट चालू आहे ते गेटवर विचारून घ्या. ओढ्याला वरून लोंढा येतो तेव्हा खाली असलेल्याला पत्ता लागत नाही. कर्नाळा किल्ल्याचा कातळ त्या दिवसांत नकोच.

सर इथे येऊन वाचतात, मला माहीत आहे. 'सवय होते' असं खाली लिहिण्याआधी त्या दिवशीच्या मूळ फाइल उघडा. सापसुरळी तीच आहे. पहिल्या आणि शेवटच्या फाइलवरची वेळ तेवढी इथे टाका.