शहापूरकडच्या डांगी गोऱ्ह्याचं अंग भरतं तेव्हा स्नायूंत नवे तंतू तयार होतात का?

जवळपास नाहीच. तंतूंची संख्या वासरू पोटात असतानाच ठरते, साधारण गाभणपणाच्या सहाव्या महिन्यापर्यंत. जन्मानंतर आहेत तेच तंतू जाड आणि लांब होतात. त्यांना बिलगलेल्या उपग्रह पेशी नवी केंद्रकं पुरवतात. म्हणून गाभण गाईला उन्हाळाभर नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ठेवू नका. मुरबाड-शहापूर पट्ट्यात हे सर्रास चालतं, आणि पेंढ्यात प्रथिनं फारच कमी. मूठभर का होईना, पेंड द्याच. तंतूंची ती कसर पुढे कितीही खुराक घातला तरी भरून निघत नाही.

चयापचयही पालटतो. पहिल्या वर्षभरात प्राणवायूवर चालणारे काही जलद तंतू ग्लायकोजेनवर (स्नायूत साठवलेल्या साखरेवर) झटक्यात जोर लावणाऱ्या प्रकाराकडे झुकतात. इंधनही बदलतं: आधी दुधातली साखर, मग रवंथ सुरू झाला की कोठीपोटातल्या (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) जंतूंनी बनवलेली आम्लं. त्यातल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करतं. कोठीपोटाच्या आतले बारीक केसाळ उंचवटेही या आम्लांमुळेच वाढतात, तेव्हा दूध तोडायच्या आधीपासून वासराला थोडा भरडा चाटायला ठेवा.